बूट चावतात

३ नोव्हेंबर

आमच्या नव्या कोच कुजूर मॅडमनी हॉकी होस्टेलच्या सगळ्या मुलींना एकेक वही वाटली. रोज झोपायच्या आधी आज मैदानावर काय चुकलं ते लिहायचं. त्या वाचणार नाहीत. "तुमची तुम्ही वाचा आणि तुमची तुम्ही लाजा," म्हणाल्या.

आज काही चुकलं नाही.

४ नोव्हेंबर

आजही नाही.

७ नोव्हेंबर

शेजारच्या खाटेवरची मार्सिला पानंच्या पानं भरते. मी विचारलं, "एवढं काय लिहितेस गं?"

"चुकलं ते."

"एवढं चुकलं?"

"आज तसं कमीच."

ही मार्सिला केरकेट्टा म्हणजे बैल आहे. वाईट अर्थाने म्हणत नाही, बैल मला आवडतात. सगळ्या मुली पांघरुणात असतात तेव्हा ही उठून होस्टेलच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत असते. टक, टक, टक. माझ्या झोपेचं खोबरं. गुमल्याच्या हवालदाराची मुलगी, लहानपणापासून हातात दुकानातली स्टिक, पायांत बूट, आणि तरी चेंडू जवळ आला की घरी पाहुणा आल्यासारखी तिची गडबड उडते. ज्युनियर कॅम्पच्या निवडीत दोनदा राहिली. जानेवारीत रांचीहून निवडीची माणसं पुन्हा येणार आहेत. पुढच्या वर्षी तिचं वय बसत नाही, म्हणून एवढी टक टक. मला तिची दया येते, पण सकाळी येत नाही.

मला असलं काही करावं लागत नाही. आमच्या सरईपानीत बांबू मुळासकट उपटायचा, मुळाशी वाकडा असतो तिथे तासायचा, झाली स्टिक. चेंडूही बांबूच्या मुळाचाच. चालता यायला लागल्यापासून शेळ्यांमागे दिवसभर तेच. शेळ्या चरायच्या, मी चेंडू घेऊन त्यांच्यामधून निघायची. खेळणं वेगळं असं कधी शिकले नाही. सप्टेंबरात निवृत्त झाले ते आधीचे कोच लकडा सर सगळ्यांना सांगायचे, "फुलोचा हात देवानं दिलेला आहे. त्याला कुणी हात लावू नका." मी चेंडू डावीकडून उजवीकडे कधी नेला ते समोरच्या पोरीला कळतच नाही. वाऱ्यावर वार करून उभी राहते बिचारी.

कुजूर मॅडम मात्र एकदाही छान म्हणाल्या नाहीत. नुसत्या बघतात.

१२ नोव्हेंबर, रविवार

आबाचा फोन. दर रविवारी मिस्सा संपली की तो चर्चमागच्या टेकाडावर चढतो, गावात तिथेच काय ते नेटवर्क येतं. पहिला प्रश्न ठरलेला.

"बूट चावतात का गं?"

"नाही चावत."

"चावले तर सांग. मी येतो न्यायला."

हा आमच्या गावाचा जुना विनोद आहे. आबा, म्हणजे माझा बाप पात्रस बिलुंग, आसपासच्या गावांतला सगळ्यात मोठा खेळाडू. त्याचा सामना असला की लोक पेरणी ठेवून यायचे. माझ्याएवढा असताना त्याचीही निवड झाली होती, इथेच, मैदानापलीकडच्या मुलांच्या होस्टेलात. आठ दिवसांत परत आला. बूट हातात, पाय अनवाणी. आजीनं विचारलं काय झालं, तर म्हणाला, "बूट चावतात." तेव्हापासून आमच्याकडे कुणी काही अर्धवट टाकून आलं की लोक विचारतात, बूट चावले काय? शाळा सोडणाऱ्याला, नांगर टाकून झाडाखाली बसणाऱ्याला, माहेरी निघून आलेल्या नव्या सुनेलासुद्धा. आबा स्वतःच ही गोष्ट सगळ्यात रंगवून सांगतो. लंगडून दाखवतो.

लकडा सर म्हणायचे, माझा हात आबाकडून आलाय.

१९ नोव्हेंबर

सराव सुटल्यावर मॅडमनी मला एकटीला थांबवलं. त्यांनी मोबाइलवर शूटिंग केलं होतं. बाकी कुणाचं नाही, माझंच. मी मनात म्हटलं, चला, कौतुकाला मुहूर्त लागला.

"बघ," म्हणाल्या. मी बघितलं. चेंडू डावीकडून उजवीकडे गेला, समोरची पोरगी फसली, मी निघून गेले. छान दिसत होतं.

"आता हळू बघ."

त्यांनी तेच हळू करून लावलं. चेंडू माझ्या डाव्या हाताला होता. तो उजवीकडे आणायचा तर मनगट फिरवून स्टिक उलटी करावी लागते, म्हणजे चपटी बाजू चेंडूला लागते. माझं मनगट फिरलंच नाही. स्टिकच्या मागच्या, गोल बाजूनं मी चेंडू ढकलला होता.

"पुन्हा लावा," मी म्हटलं. पुन्हा तेच.

"गोल बाजू लागली की काय?"

"फाउल."

मला नियम माहीत आहे. मी तो मोडते हे मला खरंच माहीत नव्हतं. बांबूच्या मुळाला कुठली आलीय चपटी बाजू? सगळीकडून गोलच.

"तुझा हात सगळ्यांपेक्षा जलद का, कळलं आता?" मॅडम म्हणाल्या. "बाकीच्या मनगट फिरवतात, तू फिरवत नाहीस. तेवढा वेळ वाचतो."

"पण आजवर कुणी शिट्टी मारली नाही."

"कुणाला दिसलं नाही. मला पण महिनाभर दिसलं नाही. मोठ्या सामन्यात कॅमेरे असतात, तिथं दिसेल."

"मग मी इतकी वर्षं चोरी केली?"

"आजपर्यंत नाही. उद्या केलीस तर चोरी."

आज काय चुकलं ते लिहायचं असतं. देवाचं चुकलं.

२० नोव्हेंबर

मला सहावीच्या पोरींमध्ये उभं केलंय. सकाळभर एका जागी चेंडू डावीकडे, मनगट, उजवीकडे, मनगट. माझ्या मनगटाला कळतच नाही. माझ्या कमरेएवढी एक पोरगी माझ्याकडे बघत होती. मग जवळ आली आणि म्हणाली, "दीदी, असं नाही, असं."

मी तिला थँक्यू म्हटलं. जेवले नाही.

२४ नोव्हेंबर

आपसांतला सामना. शिट्टी मॅडमच्या तोंडात. मी चेंडूला स्टिक लावली की फुर्र. दुसऱ्यांदा, फुर्र. मनगट फिरवायला गेले तर चेंडू पायाखालून निघून गेला आणि पोरी हसल्या. माझ्यावर कधी कुणी हसलेलं नाही. नंतर मला कुणी पासच देईना. फक्त मार्सिला देत राहिली, मूर्खासारखी, आणि मी तिचा प्रत्येक पास घालवला.

संध्याकाळी ती माझ्या खाटेशी आली. "उद्या सकाळी येतेस भिंतीपाशी?"

"मी बैल नाही," मी म्हटलं.

ती "बरं" म्हणाली आणि तिच्या खाटेवर जाऊन लिहीत बसली. हे आता लिहिताना मला वाईट वाटतंय. पण तिनं तरी कशाला विचारायचं?

मॅडमचा माझ्यावर दात आहे. एवढ्या मुली असताना माझ्याच मागे का लागतात?

२५ नोव्हेंबर

घरी आले. कुणाला सांगितलं नाही. बाजाराच्या मोटारीत बसले ती थेट सरईपानीचा फाटा.

आबा अंगणात दोर वळत होता. मला बघून त्याचा चेहरा असा खुलला की मला रडूच आलं. "आलीस? बूट चावले?"

"हो."

"बरं झालं आलीस." त्यानं माझी बॅग घेतली. आणखी काही विचारलं नाही. आबासारखं समजून घेणारं दुसरं कुणी नाही.

आयो, माझी आई, चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, आबाकडे एकदा पाहिलं, आणि भातात आणखी पाणी घातलं. रात्रभर ती भांडी आपटत होती. तिला माझी दोन शब्दांची विचारपूस करायला काय झालं होतं?

२९ नोव्हेंबर

आज खस्सीचा शेवटचा सामना. धान घरात आलं की आमच्याकडे हे सामने होतात, जिंकेल त्या गावाला बोकड. कारीमाटीची टीम तगडी होती. मी आबाची बांबूची स्टिक घेतली, पायांत काही नाही, आणि मैदानात उतरले. मैदान म्हणजे कापलेलं शेत. काय सांगू! हात पुन्हा माझा झाला. इकडून तिकडे, तिकडून इकडे, कुठली शिट्टी नाही, कुठलं मनगट नाही. कारीमाटीची एक पोरगी रागानं म्हणाली, "हिच्या स्टिकला भूत लागलंय." गोल मीच केले. बोकडाच्या गळ्यात माळ घालून आणला, मला खांद्यावर घेतलं, मांदर ढोल वाजत होता.

रात्री मटण शिजलं. सगळं गाव जमलं. हंडिया, म्हणजे तांदळाची दारू, पोटात गेल्यावर लोक आबाला म्हणाले, सांग की बुटांची गोष्ट. आबानं सांगितली. लंगडून दाखवलं. "टाचेला एक, करंगळीला एक, असे दोन विंचू बसवले होते बघा त्या बुटांत." हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी. मग कुणीतरी ओरडलं, "आता फुलोची ऐकू या! फुलो, तुला कुठं चावले?"

मी उठून लंगडून दाखवलं. सगळे आणखी हसले. सगळ्यात जोरात आबा.

मला मात्र हसू येईना. मटण जास्त झालं असावं.

१ डिसेंबर

आयोनं माळ्यावरून कणसं काढायला सांगितली. कणसांच्या मागे एक पोतं टांगलेलं, त्यात आबाचे बूट निघाले. तेच. आत कागदाचे बोळे होते, म्हणून आकार तसाच राहिलाय. आबाचे पाय लहान आहेत. मी घालून बघितले, जरा सैल झाले इतकंच. माळ्यावर वाकून वाकून चालले, मग खाली उतरून अंगणभर चालले, मग पळाले.

कुठेच चावले नाहीत. टाचेला नाही, करंगळीला नाही. आतलं कापड मऊ आहे, इतक्या वर्षांनीसुद्धा.

काही माणसांची कातडी नाजूक असते. पण आबा तर कापलेल्या धानाच्या खुंटांवरून अनवाणी चालतो आणि बाभळीचा काटा मोडला तर संध्याकाळी घरी येऊन काढतो.

आयो दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "काढ ते. जिथले तिथं ठेव." मग म्हणाली, "तीन वाजता फाट्यावर मोटार असते."

"मला कशाला सांगतेस?"

"कुणालाच नाही सांगत. असते म्हणून म्हटलं."

मला आठवलं, माझी चांगली रग होस्टेलवरच राहिलीय. थंडी वाढतेय, रग लागणारच. ती तेवढी आणायला उद्या जाऊन यायला हवं. आबा शेतावरून उशिरा आला आणि जेवून लगेच झोपला. त्याला सांगायचं राहिलं.

२ डिसेंबर

रग घ्यायला आले होते. खाटेवर पाहिलं तर अंथरूण नीट घातलेलं, रग घडी करून उशाशी. बुधनी मावशी स्वयंपाकघरातून धावत आली. "ताप उतरला काय गं? मॅडम म्हणाल्या, फुलोला ताप भरलाय, घरी पाठवलीय."

कसला ताप? मॅडमचा काहीतरी गोंधळ उडालाय. पण मी म्हटलं, उतरला.

मॅडम भेटल्या. मला वाटलं आता खैर नाही. त्या म्हणाल्या, "सहावीच्या पोरी विचारत होत्या तुला." एवढंच.

आता अंधार पडला, आज काही परत जाता येणार नाही.

३ डिसेंबर

पहाटे टक टक सुरू झाली. मी रग डोक्यावरून घेतली. तरी ऐकू येत होती. मग उठून गेले आणि भिंतीपाशी उभी राहिले. मार्सिला म्हणाली, "ये." काही विचारलं नाही तिनं, म्हणून मीच सांगितलं की मी रग घ्यायला आलेय. ती म्हणाली, "घेतलीस ना?"

मग तिनं एक उद्योग केला. बुधनी मावशीच्या तव्याची काजळी आणली, तेलात कालवली आणि माझ्या स्टिकच्या गोल बाजूला फासली. चेंडू धुऊन पांढराशुभ्र केला. "खेळ आता."

मी खेळले. थोड्या वेळानं चेंडू हातात घेतला तर तव्यासारखा काळा.

"मी मुद्दाम नाही करत," मी म्हटलं.

"माहीत आहे. म्हणून तर काजळी." तिनं चेंडू पुन्हा धुतला. "पुन्हा."

हाताला, फ्रॉकला, नाकाला काजळी. मावशी नाश्त्याला म्हणाली, आज तवा कमी आणि तुम्हीच जास्त काळ्या.

९ डिसेंबर

चेंडू काळा.

१३ डिसेंबर

काळा. मनगट सुजलंय. मार्सिलानं मीठ-पाण्याचा शेक दिला. मी तिला विचारलं, "तुला कंटाळा येत नाही?"

"येतो की."

"मग?"

"मग काय? कंटाळा येतो आणि मी चेंडू मारते."

मला वाटायचं हिला यात मजा वाटते म्हणून करते. दोनदा यादीत नाव नाही आलं तेव्हा ती काय करत होती, ते विचारलं. म्हणाली, पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा रडायला वेळ नव्हता, माणसं भिंतीला चुना लावत होती म्हणून सकाळी लवकर मारून घ्यावं लागलं. ती हे गंमत म्हणून सांगत नव्हती.

मला तिला बैल म्हणाल्याबद्दल माफी मागायची होती. त्याऐवजी मी म्हटलं, तुझे पाय फार वास मारतात. ती हसली.

१७ डिसेंबर, रविवार

आबाचा फोन. सांगून का नाही गेलीस, म्हणून दोन रविवार रुसला होता. मी म्हटलं रग घ्यायला आलेय. "मग घे आणि ये. नाताळाला गुळाचा अरसा तळतीय आयो."

"येते नाताळाला. पण परत येणार."

त्यावर आबा म्हणाला, "बूट चावतात का?"

"नाही, आबा. बूट नाही चावत."

फोन ठेवल्यावर वाटलं, मी हे जरा वेगळंच बोलले. का ते कळलं नाही.

२३ डिसेंबर

आज चेंडू अर्धा काळा.

२९ डिसेंबर

नाताळ करून आले. आयोनं माझ्याबरोबर मार्सिलासाठी वेगळा अरसा बांधून दिला. मी आयोला मार्सिलाबद्दल फारसं काही सांगितलेलं नव्हतं. आबानं फाट्यापर्यंत सोडलं, पण वाटेत एकदाही विनोद केला नाही. त्याची तब्येत बरी नसावी.

६ जानेवारी

चेंडूवर काळं नाही. आज सगळा वेळ नाही. मार्सिलानं तो उलटसुलट करून पाहिला, मग मलाच दिला. मी हळू झालेय पण. पूर्वी जिथून पक्ष्यासारखी निसटायचे तिथे आता पोरी मला गाठतात. शुद्ध आणि हळू, असली खेळाडू कुणाला पाहिजे? मी हे मार्सिलाला म्हटलं. ती म्हणाली, "मी तशीच आहे की."

मला ती निवडली जायला हवी आहे. मलाही निवडलं जायचंय. दोन्ही एकदम वाटतं आणि दोन्हीची लाज वाटते.

१४ जानेवारी

आज निवड झाली. सगळं नीट लिहिते.

रांचीची माणसं खुर्च्यांवर बसली होती. ऊन चढल्यावर मैदानावर पाणी मारलं आणि खेळ सुरू झाला. मार्सिला मागे बचावात, मी पुढे. मार्सिला आज गडबडली नाही. चेंडू तिच्याकडे येत होता आणि ती जणू घरातच होती. तिनं काही नेत्रदीपक केलं नाही. चेंडू जिथे यायचा तिथे ती आधीच उभी असायची, इतकंच. हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी नेहमी तिचे हात बघत आले, ती कुठे उभी असते ते बघितलं नाही.

माझं सांगायचं तर पहिल्या भागात चार वेळा चेंडू घालवला. दुसऱ्या भागात मार्सिलानं लांबून एक पास दिला, असा सरळ की मी धावत गेले आणि पुढे फक्त गोलकीपर. ती माझ्याकडे झेपावली. चेंडू माझ्या डावीकडे होता. उजवीकडे आणला की गोल रिकामा. शिट्टीवाला पार मागे राहिला होता, माझी पाठ त्याच्याकडे. जुना हात टाकला असता तर कुणाला, देवाला सोडून कुणालाही, दिसलं नसतं. हात निघालाही होता. आणि मला चेंडूवर काजळी दिसली. आज स्टिकला काजळी नव्हतीच. तरी दिसली.

मी मनगट फिरवलं. तेवढ्यात गोलकीपरचा पाय आडवा आला आणि चेंडू बाहेर.

खुर्च्यांवरच्या एकानं मान हलवली. कुजूर मॅडम रेषेबाहेर उभ्या होत्या, त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझ्यावर एवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण नंतर जवळून गेले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, आणि त्यांनी माझ्या मनगटाला नुसता हात लावला, ताप बघतात तसा.

यादी वाचली. आमच्या होस्टेलची दोन नावं. त्यात मार्सिला केरकेट्टा, मी नाही. ती तिथेच मटकन खाली बसली. मी तिला मिठी मारली आणि आम्ही दोघी रडलो, ती तिच्यासाठी, मी तिच्यासाठी आणि माझ्यासाठीसुद्धा. तिच्या कानात म्हटलं, "बैल." ती म्हणाली, "हो."

मग आबाला शोधायला गेले. तो येणार हे मला माहीत नव्हतं. सामना सुरू असताना कुंपणाबाहेर सालाच्या झाडाखाली दिसला होता, रविवारचा सदरा घालून.

"आत का नाही आलास?"

"इथून बरं दिसतं."

मी त्याच्याजवळ बसले. त्यानं पिशवीतून भाजलेली रताळी काढली. दोघांनी खाल्ली.

"आज तुझा हात चालला नाही," आबा म्हणाला.

"हात नवा आहे, आबा. अजून चावतो."

त्यानं रताळं खाली ठेवलं. मैदानापलीकडे मुलांचं होस्टेल आहे, तिकडे बघत राहिला.

"किती दिवस चावतो म्हणे?"

"मार्सिला म्हणते वर्षभर तरी. तिला तर किती वर्षं चावला."

"मी आठच दिवस थांबलो," आबा म्हणाला. मग बोट दाखवलं. "ती कोपऱ्यातली खिडकी. खाट होती माझी तिथं. सगळेच चांगले खेळायचे गं, फुलो. गावात मी एकटा होतो. इथं सगळेच."

मी म्हटलं, "माळ्यावरचे बूट मी घालून बघितले."

"माहीत आहे. आयोनं सांगितलं." मग म्हणाला, "चांगले बूट होते."

त्यानं लंगडून दाखवलं नाही.

तीनच्या मोटारीपर्यंत मी त्याच्याबरोबर गेले. बॅग भरलीस का, असं त्यानं विचारलं नाही. मोटारीत बसल्यावर खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "आता रविवारी फोनवर काय विचारू मग?"

"विचार, आज काय चुकलं."

"आणि तू सांगणार?"

"सांगेन. टेकाडावर बसायला काहीतरी घेऊन जा, वेळ लागेल."

आता मैदानावरचं. पहिल्या भागात पास घ्यायला पुढे न जाता वाट बघत राहिले. दोनदा डोकं वर न करता धावले. मनगट फिरतं पण त्याआधी खांदा फिरतो, म्हणून समोरच्याला आधीच कळतं. गोलकीपर झेपावली तेव्हा चेंडू आणखी लांब ठेवायला हवा होता. पाणी मारलेल्या मैदानावर स्टिक खाली धरायला हवी, मी उंच धरते. आणखी आहे, पण पान संपलं.

मार्सिला पुढच्या सोमवारी कॅम्पला जाणार. तिला भिंतीची काळजी. चुना पडलाय, सांगून ठेव म्हणाली. मी म्हटलं, तू जा, भिंतीचं मी बघते.